दोन हिसके

पलटण वर बर्फात गेली तेव्हा सुभेदार साहेबांनी मला पाहिलं, माझं पोट पाहिलं आणि मला दोरीत मधे बांधलं. "पडलास तर ओढाय दोघं लागत्याल," ते म्हणाले. पुढे ते, मागे गायकवाड. नाना पेठेतल्या माणसाची एवढी काळजी घरच्यांनीही कधी घेतली नव्हती.

गस्तीवर धुक्यात पुढचा माणूस दिसत नसे आणि ओरडायला बंदी. पुढून दोन हिसके आले की अर्थ 'आहेस का?' आपण मागच्याला विचारायचं, त्याचे दोन आले की पुढे दोन द्यायचे. एक हिसका म्हणजे धोका, जागीच आडवे व्हा. एकदा मला सणसणीत शिंक आली. साहेब पुढे आडवे, गायकवाड मागे आडवा, मधे मी नाक पुसत उभा.

"पेठेवाल्या, दुश्मन नाकातनं आला व्हय?" साहेबांनी विचारलं. गायकवाड त्यावर आठवडाभर हसत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, वरच्या उताराचा बर्फ सुटला. मी घसरलो, दोरीने थांबलो. पुढून दोन हिसके आले. मी मागे दोन दिले. दोरी हलकी लागली. ओढली तर तुटलेलं टोक हातात आलं.

रेडिओवर चौकी बोलत होती.

"रिपोर्ट. ओव्हर."

"एक मिसिंग. शोध चालू. ओव्हर."

"अजून बर्फ सुटेल. खाली या. ओव्हर."

"रॉजर," साहेब म्हणाले, आणि अंधार पडेपर्यंत खणत राहिले. उतरताना वाटभर दोन हिसके येत होते. मी दर वेळी उत्तर दिलं. गायकवाड सापडला तो बर्फ वितळल्यावर.

साहेब रिटायर होऊन लोणी काळभोरला गेले आणि गावाचे आबा झाले. नातवंडांना शाळेत न्यायला सोलापूर रस्ता ओलांडावा लागे. आबा सगळ्यांच्या हाती एकच दोरी देत.

"आबा, नातवंडं हायती का शेरडं?" सून विचारायची.

"मागचं हाय का न्हाय, मला कळाय नको?" आबा म्हणायचे. शेजारची पोरंही हट्टाने दोरी धरू लागली. एकदा मी गेलो तर मलाही शेवटी उभं केलं. "शिंकू नको," एवढंच बजावलं.

यंदाच्या थंडीत त्यांना पुण्यात आयसीयूत आणलं. तोंडात नळी, बोलणं बंद. मुलगा औषधं आणायला खाली गेला, मी जवळ बसलो. आबांचा हात चादरीवर काहीतरी चाचपत होता. मी आधी चष्मा दिला, मग रुमाल. माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागतोच. शेवटी मफलर काढला, एक टोक त्यांच्या मनगटाला बांधलं, दुसरं माझ्या.

"काका, हे आयसीयू आहे, गोठा नाही," सिस्टर म्हणाली. मग तिने आबांचा चेहरा पाहिला. "सैल बांधा. सलाइन निघेल."

दोन हिसके आले. मी दोन दिले. पुन्हा आले. पुन्हा दिले. दुपारभर आमचं तेवढंच बोलणं चाललं. मग बराच वेळ काही आलं नाही. मी दोन दिले. पुन्हा दोन.

सिस्टरने मॉनिटर पाहिला, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर येऊन गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "काका, सोडा आता."

गायकवाडसाठी साहेब अंधार पडेपर्यंत थांबले होते. खिडकीत अजून ऊन होतं.

"जरा थांबा," मी म्हणालो.