विसूभाऊंची बार्बेक्यूची फी

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. पातेल्याच्या बुडाला काजळी धरावी तसे ते साठत जातात, आणि एक दिवस पातेलं पालथं घातलं की कळतं, अरे बापरे, एवढे! गंगेकाठच्या आमच्या दुर्गाघाटावर संध्याकाळी पायऱ्यांवर बसणारे मराठी शेवटी तिघंच उरलो होतो. मी, रेल्वेतून रिटायर झालेला. गोखले मास्तर, संस्कृत पाठशाळेतले. आणि विसूभाऊ, खानावळवाले. परवा एका ओळखीच्याने विचारलं, "ते पैसे भरून ऑनलाइन बार्बेक्यू शिकवतात ना, तो क्लास करावा का हो?"

म्हटलं, बस इथे. सांगतो.

*

विसूभाऊंची खानावळ म्हणजे महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचं हक्काचं पान. वरण-भात, पिठलं, कुणाचं श्राद्ध असेल तर त्याचा स्वयंपाक. रांधणार सुनंदावहिनी, वाढणार विसूभाऊ. पण हल्ली यात्रेकरू मोठ्या हॉटेलांत उतरतात, आमच्या गल्लीत गाडी येत नाही, पायी कोण येतो? चाळीस पानांची पंगत दहावर आली, मग चारावर. नागपूरची मुलगी सारखी फोनवर म्हणायची, "बंद करा आणि इकडे या." विसूभाऊंना ते मरणाहून वाईट वाटे.

एकदा जेवायला आलेला एक तरुण हात धुता धुता म्हणाला, "काका, गच्चीवर बार्बेक्यू टाका ना! गंगा व्ह्यू आहे!"

व्ह्यू म्हणजे काय, दोन पाण्याच्या टाक्यांच्या मधून वीतभर गंगा दिसते. पण विसूभाऊंनी दुसऱ्याच दिवशी बारा आठवड्यांच्या क्लासची फी भरली. मराठी बॅच, पुण्याचे शेफ सर, दर बुधवारी चार वाजता.

वहिनींनी आकडा ऐकला आणि म्हणाल्या, "एवढ्यात मिक्सर आला असता. दोन!"

*

पहिले चार आठवडे नुसतं चिकन. जाहिरातीत 'शाकाहारींसाठीही' असं लिहिलं होतं, पण ते 'ही' पाचव्या आठवड्यात येणार होतं! फी तर परत मिळत नाही. मग वहिनींनी तोडगा काढला. मोबाइलवर धुतलेला पंचा टाकला आणि म्हणाल्या, "नुसतं ऐका."

चार बुधवार विसूभाऊंनी तो क्लास रेडिओसारखा ऐकला. वहीत टिपणंसुद्धा काढली. चौथ्या बुधवारी शेफ सरांनी विचारलं, "विसू सर, आत्ता रंग कसा दिसतोय, सांगा पाहू?"

विसूभाऊ प्रामाणिक माणूस. म्हणाले, "सर, आमच्याकडे सगळं पांढरं दिसतंय."

*

पाचव्या आठवड्यात पनीर आलं. धुरासाठी आंब्याचं लाकूड हवं, असं सरांनी सांगितलं. विसूभाऊ निघाले. आता आमच्या भागात लाकडाची दुकानं कुठे? शिंदे घाट ओलांडला की चितांची लाकडं रचलेली असतात, तिथेच. गेले आणि म्हणाले, "आम की लकड़ी, पाँच किलो।"

दुकानदाराने वर पाहिलं. आवाज खाली आणून, सुतकी चेहऱ्याने म्हणाला, "पाँच किलो में का होई, गुरु? के गुजरल हौ?"

"कोई नहीं भइया," विसूभाऊ म्हणाले, "पनीर है।"

*

पनीर झकास भाजलं. सर म्हणाले, "आता चाखा आणि सांगा."

विसूभाऊंनी पनीर वाटीत काढलं. स्वयंपाक करणाऱ्याने नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, हे त्यांच्या घरात तीन पिढ्यांचं. म्हणाले, "सर, दोन मिनिटं. नैवेद्य व्हायचाय." आणि गेले देवाकडे. पलीकडे तीस विद्यार्थी तीस शिगा हातात धरून थांबलेले! एक बाई तर हात जोडून बसल्या होत्या म्हणे.

दोनाची दहा मिनिटं झाली. विसूभाऊ परत आले, एक तुकडा तोंडात टाकला.

"कसं झालंय?" सरांनी विचारलं.

"मीठ घालायचं राहिलं," विसूभाऊ म्हणाले. "देव काही बोलला नाही."

*

नवव्या आठवड्याचा धडा मोठा होता. वांगं निखाऱ्यावर भाजायचं, साल काढायचं, कुस्करायचं, वरून तेल. वहिनी मागे पोळ्या लाटत होत्या. त्यांना राहवेना. मोबाइलसमोर येऊन उभ्या राहिल्या, "अहो, हे भरीत आहे!"

सर हसले, म्हणाले, "मॅडम, तुम्ही कसं करता?" वहिनींनी सांगायला सुरुवात केली. वांगं कसं निवडायचं, देठ का ठेवायचं, आधी टोचायचं का. अर्धा तास! तीसही जण लिहून घेत होते.

"थँक यू मॅडम," सर शेवटी म्हणाले.

"थँक यू राहू द्या," वहिनी म्हणाल्या, "आजची फी परत करा."

गोखले मास्तरांनी हे ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "विसू, अरे काखेत कळसा!"

*

गच्चीवरच्या बार्बेक्यूला गिऱ्हाईक एकदाच आलं. नाशिककडची सहा मुलं. विसूभाऊंनी इस्त्रीचा सदरा घातला होता, मी आणि मास्तर वाढायला. अननसाचे काप शेगडीवर चढले आणि त्या वासाने माकडं आली. एक नाही, दोन नाही, सगळी गल्ली! मास्तरांनी काठी उगारली, माकडाने तीच हिसकावली. मुलं खाली पळाली ती वर आलीच नाहीत.

रात्री त्यांनी रिव्ह्यू टाकला. पाचपैकी दोन तारे. "जेवण मिळालं नाही. माकडं उत्तम."

आम्ही पोट धरून हसलो. विसूभाऊही हसले, पण जरा उशिरा. मला ते अजून खुपतं.

*

खानावळ होळीनंतर बंद झाली. शेवटच्या दिवशी पान एकच पडलं, तेही गोखले मास्तरांचं. मोठी पातेली अन्नछत्राला दिली. विसूभाऊ पायऱ्यांवर यायचे थांबले. त्या रिकाम्या खोलीत बनियनवर दिवसभर बसून असायचे, दाढीचे खुंट वाढलेले, आंघोळीचाही पत्ता नाही. काही विचारलं तर "हं." चाळीस वर्षांचा दोस्त असा बघवत नाही हो. एकदा घरी येऊन रडलो, खोटं कशाला सांगू?

मागच्या आठवड्यात गेलो, तर त्यांचा मोबाइल वाजला. शेफ सरांचा मेसेज. अ‍ॅडव्हान्स बॅच सुरू होतेय, जुन्या विद्यार्थ्यांना सवलत!

माझं डोकंच फिरलं. "विसूभाऊ, आता हा फालतूपणा बस! ना खानावळ, ना गिऱ्हाईक, भाजणार कुणासाठी?"

त्यांनी मेसेज मात्र पुसला नाही, नुसते बघत राहिले.

वहिनी आतून आल्या. नागपूरच्या तिकिटांसाठी डब्यात जपलेले पैसे त्यांनी माझ्या हातावर ठेवले. "भाऊजी, तुमच्या मोबाइलवरून एवढी फी भरून टाका."

मी चाटच पडलो. "वहिनी, तुम्ही सांगताय? अहो, त्या क्लासचा काय उपयोग झाला?"

वहिनींनी एकवार खोलीकडे पाहिलं.

"दर बुधवारी दाढी करायचे."