लेह ते ओझर, दोऱ्याने

लेकीचं लग्न मी बिघडवलं, असं बायको आजही म्हणते. अख्खं लग्न नाही हो. फक्त मामा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझा मेहुणा तेव्हा लेहला सरकारी बांधकामावर होता. आमच्यात नवरीला मंडपात आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, ते मामाने. लेकीने आधीच बजावलं होतं, "बाबा, बाकी काही कमी-जास्त झालं तरी चालेल, पण मागे माझा मामाच हवा."

मेहुण्याला रजा थोडी. दोन दिवस आधी निघतो म्हणाला. मी म्हटलं, थांब, हिशेब करू. लेकीचा शाळेतला जुना नकाशा काढला, बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. एक टोक लेहवर, दुसरं ओझरवर. ओझरच्या विमानतळावर आपल्यासारख्यांना कुणी उतरवत नाही, मुंबईहून मोटारीनेच यावं लागतं, हे मला ठाऊक होतं. पण मोजायचंच तर घरापर्यंत मोजावं! दोरा पट्टीवर धरला, विमानाचा वेग मनानेच ठरवला, उत्तर आलं दोन तास. त्यात दिल्ली-मुंबईचे थांबे, कसाऱ्याचा घाट, घाटातला चहा असं सगळं मिळवलं आणि एसटीडी बूथवरून ऐटीत सांगितलं, "रजा वाया घालवू नकोस. लग्नादिवशी सकाळी निघ. गोरज मुहूर्ताच्या आत पोचतोस."

"नक्की ना, दाजी?"

"अरे, मोजलंय!"

लग्नाच्या सकाळी कार्यालयात त्याचा फोन. "दाजी, विमान उतरलंच नाही. ढग आहेत."

"मग दुपारचं धर."

"दुपारी इथून काही उडत नाही हो. वारा सुटतो. आता उद्याच."

माझा जन्म एसटीत गेलेला. गाडी उशिरा सुटते, एवढं मला कळतं. ती सुटतच नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मुहूर्ताला बायकोचा चुलतभाऊ उभा राहिला. भला माणूस, पण लेकीने दोनदा मागे वळून पाहिलं आणि दोन्ही वेळा मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला तेव्हा दारातला मांडव उतरत होता. लेक नांदगावला, सासरी. तो बॅग हातात धरूनच म्हणाला, "दाजी, नांदगावला किती वेळ लागेल?"

मी तोंड उघडणार, तोच बायको आतून कडाडली, "तुम्ही गप्प बसा. तो ड्रायव्हरला विचारेल."

जीपमध्ये आम्ही तिघं बसलो. मेहुणा मनमाडच्या अलीकडेच झोपला. नांदगावला लेकीने दार उघडलं, मामाच्या पाया पडायला वाकली आणि त्याला बिलगून रडायलाच लागली. मग हात धरून त्याला आत घेऊन गेली. मागोमाग बायकोही गेली.

मी बाहेर ओट्यावरच बसलो. बऱ्याच वेळाने विहीणबाई पाणी घेऊन आल्या. "आत या ना."

"येतो," म्हटलं, "जरा वेळ लागेल."