कुलपामागचा तिसरा दिवस

ती दुपार विसरायची म्हटली तरी विसरत नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कन्हानकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. हाताखालचे कागद आटोपून जेवायला उठणार, तोच एक म्हातारी आत आली आणि खुर्ची दिली तरी खालीच बसली.

तिचा मुलगा कोळशाच्या खाणीत कामाला होता. दारूपायी त्याने शरीराची पार वाट लावून घेतली होती. त्याला भेटायला ती सावनेरकडच्या आपल्या खेड्यातून सकाळीच आली होती. सुनेने तिला सांगितले, ते गावाले गेले, गुरुवारी येतील. म्हातारी मला म्हणाली, "गावाहून तं मीच आली, साहेब." परत निघाली तर गल्लीच्या टोकाला एका कुलूपबंद खोलीतून तिला मुलाचा आवाज ऐकू आला. तो आपल्या बापाशी बोलत होता. बापाला जाऊन बारा वर्षे झाली होती.

"बापाशी बोलून राहिला, म्हणजे माहा पोरगा जिता नाही," ती म्हणाली. रडली मात्र नाही.

मला भुताखेतांच्या गोष्टींचा मनस्वी तिटकारा. स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदाराला घेऊन निघालो. गल्लीत पाच घरी चौकशी केली. पाचही घरी एकच उत्तर मिळाले, गावाले गेला, गुरुवारी येते. शब्द इकडचा तिकडे नाही. खरे बोलणारी माणसे कधी एकसारखी बोलत नाहीत. एकाला वार आठवत नाही, दुसरा गावाचे नाव चुकवतो. सगळी गल्ली एका सुरात बोलू लागली की शिकवून ठेवले आहे असे खुशाल समजावे.

सुनेला बाजूला घेतले. तिनेही तेच पाठ केलेले उत्तर दिले. शेवटी मी सांगितले, तुझी सासू त्याला मेलेला समजते आहे, आणि तू हेच सांगत राहिलीस तर मलाही खुनाचा तपास सुरू करावा लागेल. तेव्हा तिचा बांध फुटला. नवऱ्याला दारू सोडायची होती. त्या गल्लीची रीतच होती. ज्याला सोडायची आहे त्याला टोकाला राहणाऱ्या शिंप्याच्या मागल्या खोलीत सात दिवस कोंडायचे. शिंपी स्वतः त्याच खोलीत दारूतून सुटलेला. पिणारे सोबती खिडकीतून बाटली देतात, म्हणून खिडकीला फळ्या ठोकायच्या आणि कोणी विचारले तर गावाला गेला म्हणायचे. आजचा तिसरा दिवस, ती म्हणाली, आणि सकाळपासून ते मले ओळखत नाहीत.

शिंपी किल्ली देईना. आज दार उघडले तर याने आजवर सोसलेले वाया जाईल, असे तो हात जोडून सांगत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी असा काही ओरडलो की किल्ली त्याच्या हातातून खाली पडली.

आत अंधार आणि कोंदट उकाडा. तो माणूस भिंतीला टेकून बसला होता, घामाने निथळत, सगळे अंग लटलट कापत. दंडावरून काहीतरी एक एक करून वेचून बाजूला टाकत होता. दंडावर काहीच नव्हते. शेजारी दोघे बसतील एवढी जागा सोडून तो आखडून बसला होता. माझ्या हवालदाराची पाचावर धारण बसली. मला, खोटे कशाला सांगू, आधी हे नाटकच वाटले. दारुड्यांची नाटके मी थोडी पाहिली नव्हती.

मग त्याने शिंप्याकडे पाहिले आणि अगदी हळू, शेजारी कोणी झोपले असावे तसे म्हणाला, "तुहा भाऊ इथं बसला हाये. म्हणते, मी गावाले गेलोच नाही."

शिंपी उंबरठ्यावरच खाली बसला. जबाब घ्यायला मला एक प्रश्नही विचारावा लागला नाही. वर्षापूर्वी त्याने आपल्या धाकट्या भावाला याच खोलीत कोंडले होते. तिसऱ्या दिवशी त्याला झटके आले आणि तो गेला. शिंप्याने त्याचे प्रेत रातोरात बैलगाडीत घालून गावी नेले, तिथेच जाळले आणि गल्लीत सांगितले की तो खोलीतून सुटून गावाकडे गेला आणि तिथे वारला. हे फक्त दोन शेजाऱ्यांना ठाऊक होते. "मले वाटलं, दारूच निघून राहिली त्याच्या अंगातून," तो म्हणाला.

आम्ही त्या माणसाला जीपमध्ये घालून नागपूरला सरकारी दवाखान्यात नेले. रस्ताभर तो शेजारच्या रिकाम्या जागेशी बोलत होता आणि हवालदार तिकडे न बघता बसला होता. डॉक्टरांनी सांगितले, वर्षानुवर्षांची दारू एकाएकी तोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असले भास होतात, झटके येतात. औषध नसेल तर माणूस दगावतो. हा आजार आहे, त्याला नुसते कोंडून भागत नाही.

मला लाज वाटली. आमच्या कोठडीत दारुडा फार तर एक दिवस असतो. कापत्या हातांनी तो कोर्टात जातो आणि आम्ही मोकळे होतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांचा तिसरा दिवस मी कधी पाहिलाच नव्हता. घरी जाऊन त्यातले किती गेले असतील, देव जाणे. पुढे थरथरत्या हातांचा कोणी दारुडा आला की मी आधी त्याला दवाखान्यात पाठवू लागलो. सहकारी मला कंपाउंडर म्हणून चिडवत. चिडवोत बापडे.

शिंप्याचा जबाब नोंदवून कागद वर पाठवले. घातपात दिसला नाही, चौकशी अकस्मात मृत्यू म्हणून बंद झाली. डॉक्टरांनी मात्र त्याला सोडले नाही. तुझे कुलूप चुकले, पण सोबत बसणे चुकले नाही, असे ते त्याला म्हणाले. दारू अंगातून आठवड्यात जाते, डोक्यातून जायला महिने लागतात, आणि त्या महिन्यांचे औषध माझ्याकडे नाही, हेही त्यांनीच सांगितले. शिंपी मशीन बंद ठेवून रोज वॉर्डात येऊन बसू लागला. पुढे वस्तीतल्या समाजमंदिरात दर रविवारी दारू सोडलेल्यांची बैठक सुरू झाली. ती शिंप्याने आणि त्या माणसाने मिळून सुरू केली.

दवाखान्यात पाचव्या दिवशी मी गेलो तेव्हा तो माणूस शुद्धीवर होता. आई उशाशी, शिंपी पायथ्याशी. खोलीतले त्याला काहीच आठवत नव्हते. शिंप्याचा भाऊ काय म्हणाला होता, असे मी विचारले, तर तो गोंधळून माझ्याकडे बघू लागला.

"त्याचा भाऊ? तो तं मागल्या साली गावाले वारला ना, साहेब?"

खोटे बोलणारा माणूस मी आवाजावरून ओळखतो. तो खोटे बोलत नव्हता. मग त्या दिवशी त्याला ते कोणी सांगितले, हे मला आजतागायत कळलेले नाही.

शिंप्याने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. वर्षभर सगळ्या गल्लीला जे सांगितले होते, ते त्याने तिथे, त्या खाटेशी, खोडून काढले.

"नाही गा," तो म्हणाला. "तो गावाले गेलाच नव्हता."