तांबड्याच्या शेपटीचे केस

डँडेनॉन्गच्या एका गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवणारा विश्राम मूळचा पुण्याचा, त्यामुळे कुठल्याही प्रश्नावर त्याच्याकडे उत्तर तयार. परदेशी शिकायला आला, पीआर मिळून तिथलाच कायमचा रहिवासी झाला, बायको काही मिळाली नाही, पण भाडेकरू मिळाला: मंगोलियाचा तुमूर. तोही त्याच गोडाऊनमध्ये. तसा अबोल, पण घोड्यांचा विषय निघाला की थांबायचा नाही. चालायला लागायच्या आधी मी घोड्यावर बसलो, असं तो सांगे. विश्राम म्हणे, हो का, आम्ही स्कूटरवर.

२०२१च्या लॉकडाऊनमध्ये तुमूरच्या वडिलांना कोविड झाला. गवताळ माळावरून त्यांना उलानबातारच्या हॉस्पिटलात नेलं. तुमूर टेम्पररी व्हिसावर. देश सोडला असता तर परत येणं बंद, आणि विमानं तरी कुठे होती! मागे चौदा घोडे बेवारस. काकाने ते शेजाऱ्याला विकून टाकले.

त्यांच्यात घोडा विकताना शेपटीचे चार केस कापून घरी ठेवतात, नाहीतर घराचं भाग्य घोड्याबरोबर निघून जातं. म्हाताऱ्याने भावाला बजावलं होतं, तांबड्याचे केस तुमूरला पाठव. तिकडे घोड्याला नाव नसतं, रंग हेच नाव. तांबडा हा त्यांचा सगळ्यांत लाडका. काका गडबडीत विसरला आणि म्हाताऱ्याला पाठवले म्हणून थाप मारून मोकळा झाला. तुमूरला मात्र त्याने खरं सांगितलं.

रोज व्हिडिओ कॉलवर ऑक्सिजनच्या मास्कमागून एकच प्रश्न: पार्सल आलं का? डॉक्टरांनी आशा सोडलेली. फोन झाला की तुमूर किचनमध्ये नुसता बसून राही. विश्रामला ते बघवेना.

"अरे, केस ते केस," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला निवांत जाऊ दे."

तीन किलोमीटरवर एक रायडिंग स्कूल होतं, लॉकडाऊनमुळे बंद. सोमवारी दोघं मास्क लावून, व्यायामाच्या नावाखाली तिथे गेले. कुंपणाला पाठ लावून एक तांबडी घोडी उभी होती. तुमूर तिच्याशी काहीबाही पुटपुटत राहिला, कात्री विश्रामने चालवली.

दुसऱ्या दिवशी तुमूरने ती बट कॅमेऱ्यासमोर धरली. म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. जवळ धर, म्हणाला. मग डोळे बारीक करून निरखत राहिला.

बटेची दोन्ही टोकं सरळ छाटलेली होती. स्कूलवाले शेपट्या कापून नीटनेटक्या ठेवतात. माळावरच्या घोड्याच्या शेपटीला कात्री लागत नाही, केस टोकाकडे बारीक होत जातो. सत्तर वर्षं घोड्यांत काढलेल्या माणसाला ते फोनवरही दिसलं. तो रागावला नाही.

"न विचारता कुणाच्या तरी घरचं भाग्य घेऊन आलास," तो म्हणाला. "परत देऊन ये."

गुरुवारी म्हातारा गेला. अंत्यविधी तुमूरने मोबाइलवर पाहिला, तोही अर्धाच. मध्येच रेंज गेली.

शनिवारी दोघं केस घेऊन रायडिंग स्कूलला गेले. आवार रिकामं. शेजारच्या बाईने लांबूनच सांगितलं की धंदा बुडाला, मालकाने सगळे घोडे विकले आणि तोही कुठेसा निघून गेला.

"कधी?" तुमूरने विचारलं.

"मंगळवारी."

विश्राम असलं काही मानत नाही. लॉकडाऊनने बुडाला रे बाबा, आपला काय संबंध, असं तो म्हणणार होता. पण तुमूर बट हातात घेऊन बंद फाटकासमोर उभा होता.

"आता हे कुणाला देऊ?" त्याने विश्रामला विचारलं.