थेल्माचा एकटीचा फेरा

थेल्मा रेथबीला कोणी 'शूर' म्हटलं की ती फटकन विचारायची, "का हो, मी काय केलं?" आणि समोरचा बिचारा आपल्या चहाच्या मगात बघत बसायचा. आमच्या क्लबात मगात बघत बसणारे पुष्कळ. मीही त्यातलाच. मी सिरिल मॉल्टबी. इंग्लंडात लिंकनशरमध्ये लाउथजवळ जी गवती धावपट्टी आहे, तिथे तेवीस वर्षं मी विमानांचा मेकॅनिक होतो. आता जे सांगणार आहे त्यात माझंही पाप आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर शेवटी शेवटी सांगताना जीभ अडखळेल.

थेल्मा एकोणीस वर्षांची असताना सुगीत पेंढ्याच्या गंजीवरून पडली आणि कमरेखालचं सगळं गेलं. मग ती धान्याच्या एका व्यापाऱ्याकडे वजनकाट्यावर बसायला लागली. बावीस वर्षं बसली. ट्रक आला की वजन घ्यायचं, मूठभर गहू तळहातावर चोळून बघायचा. ओला गहू कोरडा म्हणून खपवायला आलेले भलेभले ड्रायव्हर तिच्या खिडकीसमोर गपगार होत. बाई तोंडाने तिखट, पण काट्याला चोख. खोटं वजन तिने कधी कोणाचं लावलं नाही, मालकाचंसुद्धा.

चौऱ्याण्णवच्या वसंतात अपंगांना विमान शिकवणाऱ्या एका संस्थेने तिला वीस तासांच्या उड्डाणाची शिष्यवृत्ती दिली. महापौर आले, गळ्यातली साखळी सावरत तिच्या खुर्चीशेजारी उभे राहिले, फोटो निघाला. असे शिष्यवृत्तीवाले यायचे, वीस तास उडायचे, हसत घरी जायचे आणि नाताळला कार्ड पाठवायचे. थेल्मा एकविसाव्या तासाला पगारातले पैसे घेऊन हजर झाली.

"आता काय हवंय तुला?" मी विचारलं.

"एकटीने फेरा मारायचाय," ती म्हणाली. "माझ्याबरोबर बावीस वर्षं कोणी ना कोणी असतं रे. दुकानात, दवाखान्यात, चर्चच्या पायरीवर. एकदा शेजारी कोणी नको."

आमच्याकडे शिकणाऱ्याचा पहिला एकट्याचा फेरा म्हणजे लग्नापेक्षा मोठी गोष्ट. आधी सांगत नाहीत. दोन-तीनदा नीट उतरलात की मास्तर धावपट्टीच्या कडेला विमान थांबवायला लावतो, स्वतः खाली उतरतो, दार लावतो आणि म्हणतो, जा, एक फेरा मारून ये. हजार फुटांवर चार वळणं घेऊन परत उतरायचं, सहा-सात मिनिटांचं काम. तेवढ्यात क्लबातले सगळे चहाचे मग घेऊन बाहेर येतात आणि आपण सहज गवत बघायला आलोय असं दाखवत उभे राहतात. आकाशाकडे कोणी बघत नाही, म्हणजे बघतात सगळे. मग तो माणूस उतरतो आणि सगळ्यांना बिअर पाजतो.

आता विमानाचं सुकाणू पायांनी चालतं. थेल्मासाठी मी पोलादी दांडा बनवला होता. तो पेडलांना जोडला की हाताने पुढे ढकललं तर नाक एका बाजूला, मागे ओढलं तर दुसऱ्या. सरकारी माणसाने येऊन तो तपासला, शिक्का मारला, आमच्या त्या एका विमानासाठी कागद दिला. थेल्माला डॉक्टरचाही कागद मिळाला, की हा दांडा असेल तर बाई एकटी उडू शकते. दांडा असा चोख झाला होता की मी आल्या-गेल्याला उगाचच दाखवत असे.

विमानात चढताना तिला कोणी हात लावलेला खपत नसे. खुर्चीवरून पंखावर, मग पंखावर पाठमोरी बसून दोन्ही हातांवर अंग उचलत एकेक वीत सरकायचं. दार एकच, तेही उजव्या बाजूला. त्यातून आत, उजवी सीट ओलांडून डाव्या सीटवर. हे सगळं करायला तिला अकरा मिनिटं लागायची. पहिल्या महिन्यात मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, "सिरिल, तुझ्या बायकोला जाऊन उचल." नंतर मी घड्याळ बघणंसुद्धा सोडून दिलं.

तिचा मास्तर डेस्मंड हार्कनेस. हवाई दलातून निवृत्त, त्रेसष्ट वर्षांचा, माणूस सोन्यासारखा. तीच तर पंचाईत. वाईट माणूस असता तर थेल्माने त्याला पहिल्याच महिन्यात सरळ केला असता. डेस तिच्यासाठी घरून उशी आणायचा, पाऊस असला तर तिच्या गाडीपर्यंत छत्री धरायचा. तिच्याबरोबर उडायचा तोही जीव लावून. फक्त खाली उतरायचा नाही.

तेव्हा रूपर्ट नावाचा दातांचा डॉक्टर शिकत होता. त्याचं उतरणं म्हणजे बेडूक. तीन उड्या मारल्याशिवाय विमान थांबायचं नाही, आणि पुढचं चाक मी त्या वर्षी दोनदा बदललं. त्याला डेसने बाराव्या तासाला एकटं सोडलं. थेल्माचे तेव्हा चौतीस झाले होते आणि तिचं विमान टेकलेलं कळतही नसे. ती बाहेर येऊन आमच्याबरोबर गवत बघत बसली, रूपर्टची बिअर प्यायली आणि म्हणाली, "माझी पाळी कधी हो, डेस?"

"हवा बरी असली तर पुढच्या रविवारी बघू," डेस म्हणाला.

पुढच्या रविवारी हवा अशी पडली होती की झेंडा काठीला चिकटून बसलेला. डेस सकाळीच हँगरमध्ये आला.

"सिरिल, तो दांडा जरा बघतोस?"

"कालच बघितलाय. ठणठणीत आहे."

"मला जरा सैल वाटतो."

"कुठे सैल? हा घे, हलवून बघ."

त्याने हात लावला नाही. म्हणाला, "सैल असता तर बरं झालं असतं रे."

मी समजायचं ते समजलो. आमच्याकडे 'नाही' हा शब्द कोणी आपल्या तोंडून काढत नाही. तो हवेच्या नाहीतर यंत्राच्या गळ्यात घालायचा, म्हणजे कोणाला वाईट वाटत नाही. प्रत्येक विमानाची दोषांची वही असते. मेकॅनिकने तीत दोष लिहिला की त्याने परत सही करेपर्यंत विमानाला बंधन पडतं. मी लिहिलं, 'दांड्याचा डावा जोड सैल. मास्तर शेजारी नसताना उड्डाण नको.' डेसचे पाय त्याच्या बाजूच्या पेडलांवर असत, म्हणून दोघांनी उडायला हरकत नव्हती.  चहा गार होत होता म्हणून भराभर लिहिलं.

थेल्मा आली, तिला सांगितलं. ती म्हणाली, "वेळेवर सापडलं हे बरं झालं, सिरिल. थँक यू हं." मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. पण जमीन घेत नाही, आणि मी दुपारी जेवलोसुद्धा व्यवस्थित.

हे तीनदा झालं. ऑगस्टात, मग पुढच्या मेमध्ये, मग जुलैत. दर वेळी डेसने तोंड भरून आशा लावलेली, हवा चोख, आणि सकाळी हँगरमध्ये त्याचा पडलेला चेहरा. तिसऱ्या वेळी मी म्हणालोही, "अरे, तिला तोंडावर सांगून टाक ना." तो दुसरीकडे बघत म्हणाला, "हवाई दलात एकाला जळताना बघितलंय मी. त्याचे पाय अडकले होते."  मी वही उघडली.

सप्टेंबरात एका रविवारी ढग खाली उतरले होते. उड्डाणं बंद. थेल्मा हँगरमध्ये माझ्याजवळ बसून वेळ काढत होती. वही बाकावर होती. ती तिने मांडीवर घेतली आणि वाचायला लागली. मी पाना शोधायचं निमित्त करून पाठ फिरवली.

"सिरिल, या जोडाचं तू काय केलंस? बोल्ट बदललास?"

"नाही... म्हणजे घट्ट केला."

"मग लिहिलं का नाहीस? तू टायरमध्ये हवा भरलीस तरी लिहितोस. इथे दिव्याचा स्क्रू बदलल्याचंसुद्धा लिहिलंयस. आणि दांड्यापुढे नुसतं 'तपासले, ठीक'. तिन्ही वेळा."

आता हे कोणाला सांगितलं तर हसेल. खोटा दोष मी लिहिला, पण न केलेली दुरुस्ती माझ्या हातून लिहिली गेली नाही. इतक्या वर्षांत कधी लिहिली नव्हती. कारागिराचा माज म्हणा.

"दोष तीन, दुरुस्ती एकही नाही," ती म्हणाली. "आणि तारखा तिन्ही माझ्या. कोणाला शिकवतोस रे? मी काट्यावर बसते."

"डेसने सांगितलं," मी म्हणालो. माझ्या तोंडून पहिला शब्द तो निघाला. माफी नाही, काही नाही. शाळेतल्या पोरासारखं दुसऱ्याचं नाव.

ती तशीच खुर्ची ढकलत क्लबात गेली. मी मागोमाग. डेस खिडकीशी बसला होता, रूपर्ट आणि आणखी पाच-सहा जण होते. तिने वही डेसच्या पुढ्यात टाकली. डेसने ती उघडली नाही.

"अगं थेल्मा, दार उजव्या बाजूला आहे," तो म्हणाला. "तू डावीकडे. एखाद्या वेळी शेतात उतरावं लागलं आणि पेट घेतला, तर तुला बाहेर यायला अकरा मिनिटं..."

"बरं. मग जळेन. पुढे?"

"असं काय बोलतेस? मला कसं वाटेल?"

"तुम्हाला कसं वाटेल!" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "डेस, गेल्या वर्षी हे माझ्या तोंडावर म्हणाला असतात तर मी भांडले असते. तुम्हाला वाटेल ते बोलले असते. दुसरा मास्तर शोधला असता, किंवा नसताही मिळाला. तुम्ही मला भांडूसुद्धा दिलं नाहीत. आणि मी मूर्खासारखी थँक यू म्हणत होते!"

 सगळ्यांच्या नजरा मगात. शेवटी रूपर्ट घसा साफ करत म्हणाला, "थेल्मा, आणखी चहा घेणार का?"

त्या माणसाला मी तेव्हाच धरून बाहेर फेकायला हवा होता. पण खरं सांगू? कोणीतरी काहीतरी बोललं म्हणून मला हायसं वाटलं.

"पुढच्या रविवारी," डेस पुटपुटला, "हवा बरी असली तर..."

थेल्माने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती गेली, आणि परत आली नाही.

साठ मैलांवरच्या एका क्लबात तिने विचारलं. तिथली मास्तरीण तयार होती. पण दांड्याचा कागद आमच्याच विमानाचा. नव्या विमानासाठी पुन्हा सरकारी माणूस, पुन्हा तपासणी. मी रात्रंदिवस खपून दुसरा दांडा बनवायला घेतला. मला वाटत होतं, त्याने माझं पाप फिटेल. नोव्हेंबरात तपासणीची तारीख मिळाली, आणि त्याच्या नऊ दिवस आधी अंघोळीच्या टबातून अंग उचलताना तिचा उजवा खांदा गेला. तेवीस वर्षं खांद्यांवरच चालत होती बाई. आतला स्नायू फाटला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाला, खुर्ची ढकलता आली तरी नशीब समजा. डॉक्टरने दिलेला उडण्याचा कागद रद्द झाला.

म्हणजे खांदा धड होता ते दीड वर्ष आमच्याकडे गेलं. हवा बरी असली तर, हवा बरी असली तर करत.

जानेवारीत मी तिच्या घरी गेलो. जाताना काय न्यायचं सुचेना, म्हणून रिकाम्या हाताने गेलो. तिचा उजवा हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हाताने तिने मला चहा करून दिला. मी मदतीला उठलो नाही, तेवढी अक्कल आली होती. बराच वेळ बर्फाच्या गप्पा झाल्या. मग मी मनातलं बोललो. आठवडाभर घोकून आलो होतो.

"थेल्मा, डेसच्या जागी मी असतो ना, तर पहिल्याच वर्षी खाली उतरलो असतो. दांडा माझा होता. तुझं उतरणं मी रोज बघत होतो. मला एक दिवससुद्धा भीती वाटली नाही."

मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिने कप खाली ठेवला.

"डेसने मला पत्र लिहिलं," ती म्हणाली. "त्या जळलेल्या माणसाचं सगळं लिहिलं. आठ पानं. भ्याला बिचारा. भ्यालेल्या माणसावर किती दिवस राग धरणार? पण सिरिल, तू तर भ्याला नव्हतास. मग तू का लिहिलंस?"

कारण मला ठाऊक होतं. रविवारची सकाळ होती, डेस जुना मित्र, त्याला नाही म्हणून उगाच तोंड कशाला कडू करा. बस, एवढंच. एवढ्यासाठी तिचा फेरा गेला. याहून मोठं काही असतं तर मी तिला सांगितलं असतं.

"आता काही आठवत नाही गं," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "बरं," म्हणाली. "जाताना दार नीट ओढून घे. गार वारा आत येतोय."