तोंड उघड

"तोंड उघड," बाई म्हणाल्या.

मी उघडलं. फळ्याशेजारी उभी राहून, सगळ्या वर्गासमोर. सहावीत होते. आमचं घर आटपाडीकडचं, मेंढरांचं. शिकावं म्हणून आईनं सांगलीला मावशीकडं ठेवलेलं. त्या शाळेतला माझा तिसरा आठवडा.

बाई प्राण्यांचे दात शिकवत होत्या. "काही शंका?" म्हणत त्यांनी पुस्तक मिटायला घेतलं. मी हात वर केला.

"बाई, मेंढरास्नी वरचं म्होरचं दात नसत्यात. मग गवात कसं तोडत्यात ती?"

"नसत्यात! तोडत्यात!" बाई हसल्या. "हिला तरी आहेत का वरचे दात? बघू."

पुढच्या बाकावरच्या मुलीला त्यांनी माझे दात मोजायला लावले. तिच्या बोटाला खोडरबराचा वास होता. एक, दोन, तीन. वर्ग तिच्याबरोबर मोजत होता.

प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही.

मी विचारणंच सोडलं. प्रश्न आला की त्याच्यामागं ते मोजणं ऐकू यायचं. मिरजेला वडिलांचं, आबांचं ऑपरेशन झालं. "काही विचारायचंय?" डॉक्टर म्हणाले. मी नाही म्हणून मान हलवली. आबा नंतर म्हणाले, "आगं, काय कापलं, येवढं तरी इचारायचंस."

पुढं डी.एड. केलं. सांगलीतल्याच एका खासगी शाळेत लागले. गेल्या वर्षी माझा विज्ञानाचा तास बघायला अधिकारी येणार होते. मुख्याध्यापिकांनी प्रश्न लिहून दिले. उत्तरं देणारी पाच मुलंही ठरवून दिली. बाकीच्यांनी हात वर करायचा नाही. मी निमूट तालीम घेतली.

तालमीत मागून एक हात वर आला. कुपवाडच्या कारखान्यातल्या कामगाराची मुलगी.

"मॅडम, पाण्याची वाफ हुती, ती जाती कुटं?"

"आधी नीट बोलायला शीक."

हे मी बोलले. मी. आवाजसुद्धा त्या बाईंचाच. वर्ग हसला. तिचा हात खाली गेला.

दुसऱ्या दिवशी अधिकारी मागं येऊन बसले. मी तो प्रश्नांचा कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

"काल माझं चुकलं," मी तिला म्हणाले. "तुझा प्रश्न परत विचार."

ती उठेना. मी थांबले. दारातनं मुख्याध्यापिका खुणा करत होत्या. थांबले. शेवटी ती उठली, बाकाकडं बघत तिनं विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?" मी वर्गाला विचारलं. परत थांबले.

"आमच्यात भात शिजताना पत्र्याला खालनं थेंब धरत्यात," एक जण म्हणाला. मग दुसरी बोलली. मग तिघं एकदम. ठरवलेली पाच मुलं गप्प होती.

"शाळेची शोभा केलीत," मुख्याध्यापिका ऑफिसात म्हणाल्या. "कुणाला विचारायचं ते ठरलं होतं ना?"

"व्हय, ठरलं हुतं." घरची बोली आपसूक बाहेर आली. मी ती आवरली नाही. "हितनं म्होरं असलं मी ठरवणार न्हाई. दुसऱ्यालाबी ठरवू देणार न्हाई."

मेमो मिळाला. विज्ञान काढून घेतलं. आता माझ्याकडं चित्रकला आहे.

ती मुलगी अजून हात अर्ध्यावरच आणते. तो मी खाली पाडलाय. ते विसरायचं नाही मला. पण माझ्या वर्गात प्रश्न विचारणाऱ्याला कुणी हसलं, तर तास तिथंच थांबेल. मागं अधिकारी बसलेले असोत. नोकरी जावो. थांबेल.