विनाकारण

सयाजी दारू पितो म्हणून बायकोला मारतो, असं ज्यानं उठवलं त्याच्या तोंडात माती पडो. सयाजी थेंबाला शिवत नव्हता. शुद्धीत मारायचा, आंघोळ करून, जेवून मारायचा. मी चिमाजी, त्याचा शेजारी, भिंतीला भिंत लागून घर. मला सगळं ऐकू यायचं आणि मी रेडिओ मोठा करायचो. थू असल्या शेजाऱ्यावर!

त्याची बायको कौशल्या मॅट्रिक. आमच्या चिंचवडच्या बौद्ध वस्तीत तेव्हा मॅट्रिक झालेली पोर म्हणजे नवलच, आणि सयाजी चौथी नापास. नवी नांदायला आली तेव्हा त्याला काय कौतुक! लोक कंपनीची नोटीस तिच्याकडं वाचून घ्यायला यायचे आणि हा छाती काढून दारात बसायचा. मग चौऱ्याहत्तर साली तिला रेडिओचे भाग जोडायच्या कंपनीत काम लागलं. वर्षात ती परमनंट झाली, हा भोसरीच्या कारखान्यात टेंपरवारीच राहिला. तिथनं बिनसलं. शिफ्टवरनं यायला उशीर झाला, मार. कुणाला अर्ज लिहून दिला, मार. एकदा मनगट मोडलं, तर दवाखान्यात तिनं नळावर घसरले म्हणून सांगितलं. दिघीला तिचा भाऊ होता, त्याच्याकडं गेली तर तो शहाणा नवं लुगडं नेसवून तिला परत सोडून गेला.

शेवटी ती आपल्या लहान पोरीला घेऊन विहारात जाऊन बसली. पंचांनी निकाल द्यावा, न्हाईतर त्या घरात पाय ठेवणार न्हाई म्हणाली. रविवारी सकाळी बैठक भरली. पंच आमी पाच, नानासाहेब त्यात थोरले. समझोता ठरला. कौशल्यानं नोकरी सोडायची, उलट बोलायचं न्हाई, आणि सयाजीनं विनाकारण हात उचलायचा न्हाई. हे 'विनाकारण' माझं. मोठा अकलेचा कांदा मी! सुचलं तेव्हा स्वतःवरच खूश झालो होतो.

आता कागदावर लिहिणार कोण? पाचांत धड लिहिणारा एक न्हाई, आमची झेप सहीपुरती. नानासाहेब म्हणाले, कौशल्याच लिहील, तिचं अक्षर चांगलं हाय. बघा अक्कल! जिच्या मानेवर सुरी ठेवायची, तिलाच आमी धार लावायला बसवलं.

ती लिहू लागली. नोकरीचं लिहिलं, उलट बोलण्याचं लिहिलं. माझ्या शब्दापाशी थांबली आणि माझ्याकडं बघितलं.

"काका, कोणती कारणं चालतील तेवढी सांगा. खाली लिहिते."

नानासाहेब खाकरले. सयाजी चटईच्या काड्या उपसत बसला. तेवढ्यात मागं बायकांत बसलेली माझी तानुबाई उठली. उभ्या संसारात ती चार माणसांत कधी बोलली नव्हती.

"लिव. भाजी खारट झाली. दुसरी बी पोरगीच झाली. माझ्या भावाला ह्यांच्या आधी वाढलं. चौथं ह्यांनाच इचार, मला अजून कळलं न्हाई."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. कौशल्या शांतपणे लिहीत होती. मग दुसऱ्या एका पंचाची सोजरबाई उठली, मग तिसऱ्याची भिमाबाई. पान पाठपोट भरलं. कौशल्यानं कागद आमच्यापुढं ठेवला आणि पंचांनी खाली सह्या कराव्यात म्हणाली. एकाचाही हात उठला न्हाई. घरात कसा उठायचा मेला!

कागद पिशवीत घालून ती पोरीसकट निघाली. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला हजर झाली, आठवड्यात स्टेशनाजवळ खोली घेतली. सात वर्षं झाली, नोकरी चालू हाय. वस्तीत अजून म्हणतात, बाईनं घर मोडलं. म्हणणाऱ्यांच्या जिभेला हाड न्हाई.

मला अजून लोक पंच म्हणून बोलवायला येतात. मी जात न्हाई. का जात न्हाई, असं तानुबाई दर वेळी विचारते. सगळं ठाऊक असून विचारते, आणि मी काही बोलेपर्यंत दारातनं हलत न्हाई.